कानातला बिल्ला

माझ्या धाकट्या बहिणीने विम्याची शेळी बाजारात विकली आणि दुसऱ्याच कोणाची मेलेली शेळी दाखवून पैसे मागितले, असे तिच्या गावात सगळे आजही सांगतात. ते खोटे आहे. शेळी मेली. तिला पुरले तेव्हा खड्ड्याच्या कडेला मी उभा होतो. आणि ज्या बिल्ल्यावाचून विमा बुडाला, तो बिल्ला मीच काढला होता.

बहीण खुलताबादजवळच्या खेड्यात दीड एकर कोरडवाहू कसते. नवरा गेल्यावर बँकेने तिला दारात उभे केले नाही. पाच बायकांच्या बचत गटाने केले, शेळी घ्यायला कर्ज दिले. गटाची रीत अशी, की एकीचा हप्ता चुकला तर उरलेल्या चौघींनी भरायचा. शेळीचे कर्ज फिटले की बहिणीला पेरणीचे मिळणार होते. शेळीच्या कानात विम्याचा पिवळा बिल्ला होता; शेळी मेली तर तो दाखवूनच पैसे मिळणार होते.

पावसाळ्यात मी शहरातल्या पुंडलिकनगरहून तिच्याकडे आठ दिवस राहायला गेलो, तेव्हा तो कान पिकला होता.

"शुक्रवारी डाक्टर येतो, दादा. बिल्ल्याला हात लावू नका म्हणलेत इमेवाले."

"तोवर कान गळून पडेल. अळ्या दिसत नाहीत का तुला?"

जनावरांतले मला तिच्याहून अधिक कळते, असा माझा समज होता. तो मी अजूनही पुरता सोडलेला नाही. पकडीने बिल्ला तोडला, उकिरड्यावर फेकला, जखमेत हळद भरली. कान बरा झाला. माझा मुलगा म्हणतो, आत्याला बिल्ल्याचे महत्त्व कळले नाही. तिला कळले होते. ऐकले नाही ते मी.

दिवाळीच्या तोंडावर ती गाभण शेळी कोवळ्या ज्वारीत शिरली आणि पोट फुगून मेली. निरोप मिळताच मी गेलो. विम्याचा तरुण माणूस आला, त्याने कान चाचपला.

"काका, इथं नुसतं भोक आहे. हीच ती शेळी कशावरून?"

"मी सांगतो म्हणून."

"तुमचा कान नाय लागत काका, शेळीचा लागतो."

उकिरड्याकडे धावलो. खत केव्हाच शेतात गेले होते.

विम्याचे पैसे नाकारले गेले आणि शेळी विकल्याची कुजबुज गावात सुरू झाली. गटाची बैठक भरली त्या दुपारी बोलायची तयारी करूनच मी निघालो होतो. बहिणीने मला दाराबाहेर अडवले.

"दादा, तुमी गप बसा. बिल्ला काढला म्हणलात तर समद्यांच्या शेळ्या तपासाय येतील. दोघींच्या शेळ्यांचे बिल्ले कवाच गळून पडलेत. विकली म्हणलं, की मी एकलीच खोटी."

आत कोणीतरी तिला विचारले, "जिती बाजारात आन् मेली इम्यात व्हय गं? एका शेळीच्या दोन केल्या?"

"व्हय, विकली," बहीण म्हणाली.

आयुष्यात कोणाचे खोटे मी ऐकून घेतले नाही. ते मात्र भिंतीला टेकून ऐकून घेतले.

चौघींनी तिचे हप्ते भरले आणि तिला गटातून काढून टाकले. मृगात शेजाऱ्यांच्या पेरण्या झाल्या. तिच्या दीड एकरात बी पडले नाही. मी पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. ज्या घरात मी घरच्या ज्वारीची भाकरी खाल्ली, तिथे रेशनचा तांदूळ शिजतो आणि महिना सरण्याआधी संपतो. मग ती दुसऱ्याच्या कापसात रोजाने जाते.

यंदा त्या चौघींची कर्जे फिटली, शेळ्याही विकल्या गेल्या. आता खरे बोलून कोणाचे नुकसान नव्हते. म्हणून मी बहिणीला न विचारता गटाच्या अध्यक्षबाईंकडे गेलो आणि पकडीपासून उकिरड्यापर्यंत सगळे सांगितले. तिला गटात परत घ्या, म्हणालो. बाईंनी चहा पुढे केला.

"बहिणीसाठी भाऊ बोलणारच की, दादा."

"मी शपथेवर सांगतो."

"आवो, तिनं सोताच्या तोंडानं कबूल केलंय. आमी पैसे भरले, विसरलो. तुमी कशाला म्हातारपणी खोटं बोलता?"

मी चहा तसाच ठेवून उठलो. परतीच्या वाटेवर बहिणीचे शेत लागते. त्यात यंदाही काही पेरलेले नाही.