डोळा कुठला

व्हर्लिन टोस्ट्रुडच्या पसंतीला उतरणं म्हणजे दिव्यच, मग ते लाकूड असो की माणूस. त्या ऑगस्टमध्ये टपालवाला डेल्मर रायफलची तिसरी नळी खांद्यावर घेऊन त्याच्या बंदुका बनवायच्या वर्कशॉपच्या दारात आला, तेव्हा त्याने आधीच हात जोडले.

"ही तरी ठेवून घे रे म्हाताऱ्या! परत न्यायला लावलीस तर मी नोकरीच सोडतो."

व्हर्लिनने नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली, डोळा लावला आणि सावकाश फिरवली. नळी सरळ असली की आतली सावलीची कडी जागची हलत नाही. ही किंचित डुलली.

"घेऊन जा."

"अरे, ते दिसणार आहे कुणाला?"

"मला."

"तुझ्या तोंडून एकदा 'चालेल' ऐकायचं आणि मगच मरायचं, असं मी ठरवलंय," डेल्मर म्हणाला. "एवढं गिऱ्हाईक तरी कोण आहे? राज्यपाल?"

"सिग्ने."

डेल्मरचं हसू मावळलं. त्याने गुपचूप नळी उचलली आणि गाडीकडे गेला. सिग्ने ही व्हर्लिनची एकुलती एक मुलगी. अठराव्या वर्षी तिने मोंटाना सोडलं, त्यानंतर एकदाच आली, चार वर्षांपूर्वी, आईच्या अंत्यविधीला. सगळ्या खोऱ्याला हे माहीत होतं.

आमच्याकडे पोर बारा वर्षांचं झालं की शिकारीचा परवाना मिळतो, आणि घरात पहिल्या रायफलची बोलणी सुरू होतात. सिग्ने बारा वर्षांची झाली १९७१ साली. बापाने तिच्या रायफलच्या लाकडी दस्त्यासाठी अक्रोडाची फळी निवडली, टोकांना मेण लावलं, वर साल लिहिलं आणि सांगितलं, "वाळली की तुझी रायफल." दर महिन्याला फळी तराजूवर ठेवायची, वजन घटायचं थांबलं की लाकूड वाळलं. पोरगी दर महिन्याला तराजूपाशी येऊन उभी राहायची. पाच वर्षांनी वजन थांबलं. तेव्हा या गृहस्थाला वाटलं, अजून एक हिवाळा जाऊ द्यावा. मग त्याला पोलाद मनासारखं मिळेना. अहो, लोकांची कामं वेळेवर करायचा, पण घरच्यांचं ते सर्वोत्तमच हवं ना! पुढे सिग्ने तराजूपाशी यायची थांबली. त्याला ते कळलंसुद्धा उशिरा.

आणि आता, फळी निवडल्यापासून तेवीस वर्षांनी, तिचं तीन ओळींचं पत्र आलं होतं. 'यंदा एल्क हरणांच्या शिकारीच्या मोसमाला येते. मोसम उघडायच्या आदल्या दिवशी पोचेन. माझी ती रायफल झाली का?'

ते पत्र त्याने किती वेळा वाचलं असेल! त्याला बोलणं कधी जमलं नव्हतं. ही रायफल नीट झाली तर पोरगी पुन्हा येत राहील, नाही तर ही शेवटची खेप, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

चौथी नळी पसंत पडली. बोल्टचा, म्हणजे गोळी भरायच्या सरकत्या दांड्याचा, सांगाडा त्याने दुसऱ्या महायुद्धाआधीचा जर्मन काढला. बोल्ट असा सरकायचा की हाताला कळू नये. चाप तीन वेळा बदलला. फळीवर बोटाच्या पेराने टकटक करून तो कान देऊन ऐकायचा. मूठ धरायच्या जागी दस्ता बारीक होतो आणि मोडला तर तिथेच मोडतो. म्हणून तिथे लाकडाची रेघ सरळच हवी म्हणजे हवीच. दिवसभर कानस आणि पॉलिशपेपर. मग एकट्याने डबाबंद सूप गरम करायचं आणि ओट्यापाशी उभ्यानेच प्यायचं, कारण टेबलावर आर्डिसची, त्याच्या बायकोची, खुर्ची समोर दिसायची.

रायफलचा दस्ता माणसाच्या मापाचा लागतो, कपड्यासारखा. हाताची लांबी हवी होती. फोन करायचं त्याने दोनदा मनावर घेतलं, पण माप विचारून झाल्यावर पुढे काय बोलायचं? अंत्यविधीच्या वेळी सिग्ने आपलं जाकीट विसरून गेली होती. ते अजून खुंटीला होतं. त्याची बाही त्याने मोजली, आणि मोजून झाल्यावर बराच वेळ ती हातातच धरून बसला.

ऑक्टोबरात, ठरल्या दिवशी, दुपारी ट्रक दारात थांबला. सिग्नेच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं.

"कसा आहेस बाबा?"

"बरा. ये. झालीय."

त्याने रायफल तिच्या हातात दिली. मधासारखा रंग, त्यात काळ्या रेघा. सिग्नेने हळूच हात फिरवला. "किती सुंदर आहे रे," ती म्हणाली आणि रायफल उचलून खांद्याला लावली.

डाव्या खांद्याला.

गाल टेकायचा उंचवटा पलीकडे राहिला. बोल्टही भलत्या बाजूला. तिने रायफल गपकन उजव्या खांद्यावर नेली. "मस्त बसतेय," ती म्हणाली.

पस्तीस वर्षं व्हर्लिनने प्रत्येक गिऱ्हाइकाचं काय तपासलं होतं, तर आधी डोळा. नेमबाजीत एक डोळा मालक असतो आणि रायफल त्याच्याच बाजूची लागते. हात मागून मोजायचा. डब्यात गिऱ्हाइकांच्या मापांची नऊशेच्या वर कार्डं होती आणि प्रत्येकावर पहिली ओळ तीच.

"सिग्ने, ती ठेव खाली. दोन्ही हात पुढे धर. मध्ये लहानसं भोक ठेव. त्यातून माझ्याकडे बघ आणि हात तोंडाकडे आण."

"बाबा, जाऊ दे ना."

"आण."

तिने हात आणले. ते डाव्या डोळ्यावर येऊन थांबले.

"लिहितेस तर उजव्या हाताने," तो पुटपुटला.

"हो. पण नेम डाव्यानेच. आईला माहीत होतं. तिनेच शिकवलं, शेजारच्यांच्या जुन्या रायफलवर. तू आत लाकूड घासत होतास." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. डोळे भरून आले, ते त्याने लपवलेही नाहीत.

"मग शिकार कशाने करतेस?"

"ट्रकमध्ये आहे. दुकानातली, डावखुरी. प्लॅस्टिकचा दस्ता. बघितलीस तर आजारी पडशील."

तो कसनुसा हसला. "उद्या मी येऊ तुझ्याबरोबर? नुसता चालेन."

"उद्या नको बाबा. उद्या मला एकटीलाच जाऊ दे."

"आणि परवा?"

"परवाचं परवा बघू."

सकाळी ट्रक डोंगराकडे गेला. व्हर्लिनने कोरं कार्ड घेतलं. वर लिहिलं, सिग्ने टोस्ट्रुड. खाली लिहिलं, डोळा: डावा. मग तो फळ्यांच्या मांडणीकडे गेला. कोपऱ्यात एक फळी अकरा वर्षं पडून होती. कडकडीत वाळलेली, पण मागच्या बाजूला गाठ, म्हणून नापास केलेली. त्याने ती काढली, धूळ पुसली आणि गाठीवर अंगठा फिरवला.

"चालेल," तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला वर्कशॉपात कुणी नव्हतं.