एका दमाचा लिलाव

भोंग्याला भोंगा म्हणत ते उगाच नाही. भाजीच्या घाऊक बाजारात तो लिलाव पुकारायचा, आणि त्या बाजाराचा एक खुळा नियम होता: पुकारणाऱ्याने छातीत एकदाच श्वास भरायचा, तो संपेपर्यंत बोली चढायची. दम तुटला की शेवटची बोली पक्की. बाकीचे पुकारणारे लगेच फुस्स व्हायचे. भोंगा मात्र डोळे बाहेर येईस्तोवर ताणायचा, आणि तेवढ्यात कुणा ना कुणा व्यापाऱ्याचा धीर सुटून भाव चढायचा. म्हणून माल आणणारे सगळे त्याच्याच ओट्यापुढे, आणि याचे पाय काही जमिनीला लागत नसत.

त्या दिवशी टोमॅटोवरून दोन व्यापारी हट्टाला पेटले. भोंग्याला काय, चेवच चढला. छातीत कचकन काहीतरी तुटल्यासारखं झालं, तरी पठ्ठ्याने दम सोडला नाही. भाव पुरता चढवला आणि मग क्रेटवर बसला तो उठेचना. घरी नेईपर्यंत मान ही एवढी सुजली. बायकोने बोट लावलं तर कातडीखाली करकर वाजलं. भोंगा म्हणाला, पित्त असेल.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला आणि सांगितलं, की जोर लावून ओरडल्याने फुप्फुसातून हवा निसटली आहे आणि वर सरकून मानेच्या कातडीखाली बसली आहे. असं कधी कधी गवयांना होतं. गवई म्हटल्यावर भोंग्याची कळी खुलली. बाईंनी ती लगेच मिटवली. हवा आपोआप जिरेल, पण पुन्हा असा दम ताणलात तर फुप्फुस बसेल आणि तुम्ही उठणार नाही, म्हणाल्या.

ऐकेल तो भोंगा कसला? मानेची सूज उतरली तशी त्याच्या जिभेला खाज सुटली. त्याच्या जागी मेहुणा पुकारत होता आणि शिंक यावी तेवढ्यात माल देऊन टाकत होता. मालवाले मेहुण्याला शिव्या घालायचे, त्या ऐकून भोंग्याला गुदगुल्या व्हायच्या. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. ओट्यावरून उतरला की आपण नुसते एक ढेरपोटे, दुसरं काही नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायकोही घाबरली होती, पण तिची भीती सरळ होती. हा मेला तर मी काय करू?

एके सकाळी पाय मोकळे करून येतो म्हणून भोंगा निघाला. ती मागोमाग. हा तडक बाजारात, तडक ओट्यावर. समोर कांद्याचा ढीग, भोवती व्यापारी. त्याने छाती भरली आणि पहिला भाव पुकारला. लगेच गर्दीतून एक हात वर गेला आणि भावाच्या तिप्पट बोली आली.

हात बायकोचा होता.

तिच्या बोलीवर कोण चढणार? कांदाच तो, सोनं नव्हे. पण दम आहे तोवर लिलाव चालू. भोंगा पुकार लांबवत तिच्याकडे बघत राहिला, चेहरा लालभडक.

"सोडा आता दम," ती म्हणाली. "पुढचा ढीगही मीच घेणार, त्याच्या पुढचाही. बघू आधी काय संपतं, तुमचा दम की आपलं घर."

भोंग्याने दम सोडला. मेहुण्याला वर यायची खूण केली आणि तो खाली उतरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कांद्यावर ढकलायची सोय होती, पण त्याने ढकललं नाही.