चव बरी आहे

"नासलं म्हणू नका. प्रथिनं वेगळी झाली म्हणा."

कुणाच्याही घरी दूध फाटलं की डॉक्टर हे ऐकवत. आमच्याकडे सत्यनारायणाच्या दिवशी नेमकं प्रसादाचं दूध नासलं. बायको रडकुंडीला आली, गुरुजी घड्याळ बघू लागले, आणि हे गृहस्थ ओट्याशी उभे राहून पातेल्यात चमचा फिरवत होते. "वहिनी, हा गोळा म्हणजे केसीन. आणि हे पिवळट पाणी टाकू नका बरं, त्यातली प्रथिनं फार गुणाची." बायकोने पाणी मोरीत टाकलं. डॉक्टरांच्या अंगावर टाकलं नाही, हा सत्यनारायणाचा प्रसादच.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमचा नेरळला खालच्या मजल्यावर राहायचा. खालापूरजवळच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात आम्ही दोघं होतो. मी गोदामात, ते प्रयोगशाळेत. डॉक्टरकी दुधाची, पण इमारतीतल्या बायका पोरांच्या तापाचं औषध विचारायला जात. ते ताप सोडून सगळं सांगत.

कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी. मी उशिरा चढत असल्यामुळे ती माझ्या वाट्याला येई. व्हे नावाचं प्रथिन लवकर पचतं, केसीन सावकाश, हे मी इतक्या वेळा ऐकलं की माझं व्हे कर्जतलाच पचून जाई आणि केसीन चौक ओलांडलं तरी पोटात बसून राही.

मग कंपनीने मुलांसाठी दुधाची पावडर काढली. डब्यावर एक उंच मुलगा आणि त्याहून उंच अक्षरं. मुलांना ती पावडर आणि साधं दूध देऊन डॉक्टरांनीच तुलना केली होती. पण त्यातून काय निघालं, हे विचारायची गरज साहेब लोकांना वाटली नाही. त्यांना फक्त डॉक्टर ही पदवी व्यासपीठावर हवी होती.

खालापूरच्या एका हॉलमध्ये समारंभ झाला. आजूबाजूच्या गावांतून आया बोलावल्या होत्या. डॉक्टर पाच मिनिटांचं भाषण वीस मिनिटं करून बसणार, तेवढ्यात चौककडची एक बाई उभी राहिली.

"डॉक्टर, ह्या पावडरीनं पोराची उंची वाढते, ह्ये खरं हाय का?"

"वाढते की. साध्या दुधानं, डाळभातानं, अंड्यानं वाढते तेवढीच. जास्त नाही."

"मंग ही घ्यायची कशाला?"

डॉक्टरांनी विचार केला. मनापासून केला, आम्हाला दिसत होता.

"चव बरी आहे," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांच्या आसपासच्या दोन ओळी रिकाम्या होत्या. "साहेब रागावले का हो?" त्यांनी मला विचारलं. "चव बरी आहे, असं म्हटलं की मी."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांच्यापुढे एक निवेदन ठेवलं. पावडरीने उंची अधिक वाढते असं आढळलं, एवढाच मजकूर. खाली सही करायची होती. मी साठ्याचा हिशेब द्यायला केबिनमध्ये गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"आढळलं नाही, तर लिहू कसं?"

"प्रयोगशाळेतल्या बाकीच्या दोघांनी केलीय सही, डॉक्टर."

"त्यांना आढळलं असेल," डॉक्टर अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले. साहेबांना तो टोमणा वाटला. मी त्यांना ओळखत होतो. टोमणा मारण्याची अक्कल त्यांना नव्हती.

महिन्याभरात नोकरी गेली. इमारतीत सगळ्यांचं एकमत झालं की माणूस हुशार, पण व्यवहार शून्य. हे मत आम्ही गच्चीवर कोजागिरीचं दूध पिताना नक्की केलं, डॉक्टरांच्या बायकोला ऐकू जाईल इतक्या आवाजात. त्याच सुमारास घरोघरी तो डबा आला. माझ्याकडेही आला. कर्मचाऱ्यांना सवलत होती, आणि मुलगा म्हणाला, चव बरी आहे.

पुढे देशावरच्या कुठल्याशा दुग्धशाळेच्या कॉलेजात त्यांना काम मिळालं. सामान टेंपोत चढलं तेव्हा खाली फक्त मी होतो, तोही दूध आणायला निघालेला. वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, आधीच पुढे बसल्या होत्या, डोळे समोरच्या रस्त्यावर. डॉक्टर त्यांच्या शेजारी चढले आणि मांडीवर कढीपत्त्याची कुंडी घेऊन बसले.

"येतो," ते म्हणाले. कधी नव्हे ते एवढंच.

टेंपो वळला तेव्हा मी हात केला. त्यांनी नुसती मान हलवली. दोन्ही हातांनी त्यांनी कुंडी धरली होती, माती वहिनींच्या साडीवर सांडू नये म्हणून.