नलूआजीने शोधलेल्या खुणा

नलूआजी गेल्याचं तुमच्या आईने फोनवर सांगितलं, त्याला आता महिना होईल. माझ्या या मामेबहिणीची एक गोष्ट तुम्हा नातवंडांना सांगायची राहिली होती.

तिकडे अमेरिकेत, तुमच्या क्युपर्टिनोपासून तासाभरावरच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती काम करायची. इटलीतल्या जुन्या नाटकघरांतली संगीताची हस्तलिखितं तिथे जपलेली आहेत; वादक समोर ठेवून वाजवत, ते कागद. त्यांच्यासाठी नलू पन्नाशीनंतर इटालियन शिकली.

२००२च्या हिवाळ्यात मी तिच्याकडे होते. घरी एकटी कशाला बसतेस, म्हणून तिने मला सोबत नेलं आणि कागद नव्या फोल्डरमध्ये घालायला दिले. मी पुण्याच्या शाळेत ग्रंथालय सांभाळलेलं. परत आलेल्या पुस्तकातलं पेन्सिलीचं गिरगटणं पुसल्याशिवाय ते कपाटात जात नसे. इथेही पानांवर तसंच गिरगटणं दिसलं. पर्समधल्या खोडरबराने मी सहा पानं स्वच्छ केली आणि कौतुकाने तिला दाखवली.

नलूने पानं उजेडाकडे धरली. "मंदे, अगं त्या व्हायोलिनवाल्याच्या खुणा होत्या! कुठे थांबायचं, कुठे गायिकेला दम लागतो... सुरावट छापील पुस्तकात मिळेल गं. हे कुठून आणू?"

मग टेबललॅम्प आडवा धरून, पेन्सिलीच्या दाबाने कागदावर राहिलेल्या वळांवरून, तिने तीन दिवस एकेक खूण शोधली आणि वेगळ्या कागदांवर उतरवली.

"मूळ पानावरच गिरव ना," मी म्हटलं.

"म्हणजे एक चूक तुझी, वर एक माझी?"

त्याच महिन्यात तिची नोकरी पर्मनंट व्हायची होती. मी तिच्या साहेबांना खरं सांगायला निघाले, तर म्हणाली, "गप बस. माझ्या टेबलावर झालं, माझं झालं." निवृत्तीपर्यंत ती टेम्पररीच राहिली. मला कधी शब्दाने दुखवलं नाही. चिडवायची मात्र चारचौघांत, "हिच्यापासून लग्नपत्रिकासुद्धा लपवा, घासून कोरी करून देईल!"

ती गेल्यावर मी ग्रंथालयाला कळवलं, पुसणारी मी होते. परवा उत्तर आलं. माझं पत्र त्यांनी त्याच फोल्डरमध्ये ठेवलंय, आणि मूळ पानं मागणाऱ्याला नलूचे कागदही सोबत देतात म्हणे. सुट्टीत जाऊन बघा. त्यांनी पाठवलेली तिच्या एका कागदाची प्रत माझ्यासमोर आहे. ओळीओळीने खुणा, आणि मध्येच एका रिकाम्या जागी तिचं बारीक, सरळ अक्षर : इथे काहीतरी होतं. मला वाचता आलं नाही.