चिकाटी आणि नायक शेळके

मी निवृत्त सुभेदार, सध्या अमेरिकेत नोव्हायला लेकीकडे असतो. गेल्या रविवारी इथल्या मराठी शाळेत ‘चिकाटी’वर बोलायला बोलावलं होतं. माझ्या आधी एका इंजिनिअरने ग्रीन कार्डसाठी दाखवलेल्या चिकाटीवर भाषण ठोकलं. माझं डोकं तिथेच सटकलं.

शिक्षिका केतकी मुलांना म्हणाली, “वर्ड कुठून आला, माहितीये? चीक, चिकटणं, त्यातून चिकाटी.”

एका मुलीने विचारलं, “लाइक ग्लू?”

“हो बाळा,” मी म्हणालो, आणि शेळकेबद्दल सांगितलं.

बर्फातल्या आमच्या पोस्टवर रोज वाट मोकळी करायची, शिड्या तपासायच्या, रेडिओवर बेसला रिपोर्ट द्यायचा. एक नियम कडक होता. उघड्या हाताने लोखंडाला शिवायचं नाही, कातडी चिकटते. रेडिओ चालवायचे पातळ ग्लोव्हज फाटले होते. नवे मागून आमचं तोंड दुखलं. ते बेसवर येऊन पडले होते, वर पाठवायला कुणाला सवड नव्हती.

एका दुपारी हिमवादळ आलं. पेट्रोलवरचे आमचे दोघे उतारावर अडकले. त्यांचा सिग्नल फक्त बाहेर कड्यावर मिळायचा. ऑपरेटर नायक शेळके रेडिओ सेट घेऊन तिथे गेला. जाड ग्लोव्हजमध्ये बटण दाबता येईना, म्हणून त्याने उजवा हात उघडा केला.

“शिडी डाव्या हाताला. चाचपा. ओव्हर.”

“काही दिसत नाही. ओव्हर.”

“नाही दिसलं तर नाही. चाचपा. ओव्हर.”

मध्येच बेसवरून मेजरसाहेब बोलले, शेगडीशेजारी बसून. “शेळके, चिकाटी सोडू नकोस. ओव्हर.”

“ग्लोव्हज पाठवा, साहेब. ओव्हर.”

दोघेही जिवंत परत आले. शेळकेला आम्ही आत ओढलं, तेव्हा तळव्याची कातडी सेटवरच राहिली. थंडी छातीत उतरली होती. हेलिकॉप्टर उडू शकलं नाही. पहाटे तो गेला.

शोकसभेत मेजरसाहेब त्याच्या चिकाटीवर भरभरून बोलले. ग्लोव्हजचा उल्लेखही नाही. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही. कुणाच्या तरी आळसाची भरपाई दुसऱ्याने जिवाने करायची, आणि वर तिला छान नाव द्यायचं!

मग ग्लूवाल्या मुलीने विचारलं, “डिड द ग्लव्ज कम?”

आले. शेळकेला खाली न्यायला जे हेलिकॉप्टर आलं, त्यातच आले. एक जोडी मी त्याला घालायला घेतली. डाव्या हातात गेला. उजव्यात जाईना. बोटं बटण दाबल्यासारखी वळलेली होती.