दिवस गेले

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन बरोबर नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीसुद्धा अर्धी धाकट्या भावंडांना सांभाळण्यात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षर ओळीवरून घसरलं असेल, तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. बोलायला तर मला याहूनही कमी येतं, म्हणून वन्संबद्दल लिहून ठेवते आहे.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लवकर विधवा झाल्या, मूलबाळ नव्हतं, बडोद्याजवळ सावली गावी, नवऱ्याच्या मागे राहिलेल्या घरात एकट्या राहायच्या. त्या सकाळी फोन वाजला तेव्हा मी कणीक मळत होते. त्यांच्या शेजारचे भाई बोलत होते, "बेन, माजी गयां." माजी म्हणजे वन्सं. मला वाटलं, आमच्याकडे बडोद्याला यायला निघाल्या. मी विचारलं, "कितीच्या बसने?" ते बिचारे हळूच म्हणाले, "एम नहीं, बेन..." तसं नाही, वन्सं वारल्या होत्या. पिठाच्या हातानेच मी फोन धरून उभी राहिले. शब्दाचा असा घोटाळा आमच्यात आधीही एकदा झाला होता. त्या घोटाळ्यानेच माझी लेक मेधा वाचली. पण ते नीट सांगायला हवं.

मेधा तेव्हा नववीत होती. बडोद्यातच गोत्रीला आम्ही नुकतंच घर घेतलं होतं, आजूबाजूला अजून शेतं होती. तिला पाळी येऊन दोन वर्षं झाली होती, पण त्या वैशाखापासून ती थांबेचना. आठ दिवस, दहा दिवस, मग त्याहूनही जास्त. मध्ये जरा थांबायची आणि पुन्हा सुरू. पोटात इतक्या कळा यायच्या की ती उशी चावायची. मी पहाटे उठून, कोणी जागं व्हायच्या आत तिची कापडं धुवायची आणि मोरीत, टॉवेलखाली वाळत घालायची. पावसाळी हवेत ती वाळायची नाहीत. ओलसरच घ्यायची ती पुन्हा. धण्याचं पाणी दिलं, दूर्वांचा रस दिला, देवीला ओटी बोलले. ह्यांना सांगायला किती वेळा तोंड उघडलं असेल... बाहेर एवढंच पडायचं, "मेधाला जरा बरं नाही." हे टॉनिकची बाटली घेऊन आले. शाळेत ती प्रार्थनेला उभी असताना पडली. बाईंनी चिठ्ठी पाठवली, मुलीला नाश्ता देत जा. मी रात्रंदिवस तिच्या ओठांकडे बघायची. पांढरे होत चालले होते. डॉक्टरकडे न्यायचं तर पैसे ह्यांच्याकडे मागायचे, आणि कशासाठी ते सांगायचं. माझ्या आईने मला कधी पाळी हा शब्द उच्चारून दाखवला नव्हता. तो मी पुरुषासमोर कुठून आणू? मला वाटायचं, ही माझ्या डोळ्यांदेखत संपणार आणि मी मोरीत कापडं धूत बसणार.

श्रावणात वन्सं आल्या. फार कडक बाई. सोवळ्याचं पाणी वेगळं, बाजूला बसलेल्या बाईची सावलीसुद्धा चालायची नाही. म्हणून त्यांच्यापासून तर मी हे जास्तच लपवलं. त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या, मेधा पाणी घेऊन गेली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"का गं पोरी, अशी पांढरीफटक का दिसतेस?"

मेधा गुजराती शाळेतली, तिचं मराठी अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. तिला सांगायचं होतं की या वेळी फार दिवस झाले. ती म्हणाली, "आत्या, मला ने, दिवस गेले."

झोपाळा थांबला.

"काय म्हणालीस? आईला ठाऊक आहे?"

"हो ने. आईच सगळं सांभाळते. कोणाला सांगायचं नाही म्हणाली."

वन्सं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा बघून माझ्या हातातली पळी पडली. मला वाटलं, त्यांना विटाळाचं कळलं.

"सुमन, हे किती दिवसांपासून?"

"तीन महिने झाले, वन्सं."

"तीन महिने! आणि तू भाकऱ्या थापत बसलीस? माझ्या भावाला सांगितलंस?"

"कसं सांगू... मला लाज वाटते."

"तुला लाज वाटते? आता वाटते?" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "एक अक्षर बोलू नकोस. साडी बदल. रिक्षा बोलाव."

सयाजीगंजमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे त्यांनी आम्हाला नेलं. रिक्षात मधे मेधा, तिचं मनगट वन्संनी घट्ट धरलेलं. आत गेल्यावर वन्संनी स्वतः दार लोटलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "बेन, कुंवारी छोकरी छे. आबरूनो सवाल छे." तेव्हा मला कळलं त्या काय समजल्या होत्या. तरीसुद्धा तोंडातून शब्द फुटला नाही.

डॉक्टरीणबाईंनी मेधाला पडद्याआड नेलं, बराच वेळ गुजरातीत विचारत राहिल्या, आणि मेधा भडाभडा सगळं सांगत होती. मग त्या बाहेर आल्या, हसल्या नाहीत. "माजी, एवुं कंई नथी. लोही बंद ज नथी थतुं. शरीरमां लोही रह्युं नथी." रक्त थांबत नव्हतं, अंगात उरलं नव्हतं.

वन्सं मटकन खाली बसल्या, खुर्ची असून जमिनीवर. हात जोडले. आणि मग माझ्याकडे वळल्या. "अगं बये, मुलीचं रक्त जातंय एवढं सांगायला तुझी जीभ झडली होती? मी वाटभर मनातल्या मनात तिला फसवणाऱ्या त्या नसलेल्या मुलाला शोधून मारत होते!"

मेधाला त्याच संध्याकाळी दवाखान्यात ठेवलं, रक्ताची बाटली लावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उशीर केला असता तर काही सांगता आलं नसतं. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं कधीकधी असं होतं, शरीराची घडी बसलेली नसते, औषधाने ती बसते. पण आठवडा उलटून गेला, किंवा तासा-दोन तासांत कापड भिजायला लागलं, तर घरात बसायचं नाही, यायचं. कळांना पोट शेकायचं, गोळी लिहून दिली तेवढीच, रिकाम्या पोटी नाही. कापड उन्हात वाळवायचं. हे सगळं वन्संनी दोनदा विचारून घेतलं. मी नुसती मान हलवत होते.

रात्री दवाखान्याच्या बाकावर त्या माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "मला पण असंच अंगावरून जायचं. सासरी कोणी विचारलं नाही. शेवटी पिशवीच काढून टाकली. लोक म्हणाले, वांझ..." मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, ते अजून कळत नाही.

त्यानंतर वर्षभर, मेधाच्या पाळीचे दिवस जवळ आले की त्या सावलीहून यायच्या. रबराची गरम पाण्याची पिशवी त्यांनीच आणली. सोवळ्यातल्या त्या बाईने मेधाच्या गादीवर बसून तिची कंबर चोळली, मग जाऊन आंघोळ केली. सोवळं सोडलं नाही, पोरीलाही सोडलं नाही. गच्चीवर दोरी बांधून कापडं भर उन्हात घातली. समोरच्या बेननी नाक मुरडलं तर त्यांना म्हणाल्या, "तमारे त्यां नथी आवतुं?" म्हणजे, तुमच्याकडे येत नाही का?

वन्संचा दहावा आमच्याच गच्चीवर झाला. पिंड ठेवला, सगळे मागे सरले, कावळ्याची वाट बघू लागले. समोरच्या तारेवर दोन कावळे होते, पण खाली येईनात. हे म्हणाले, "ताई, तुझं घर नीट ठेवीन." दीर म्हणाले, "वर्षश्राद्ध चुकणार नाही." ऊन चढत गेलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले.

मेधा खालच्या खोलीत होती. तिला आदल्या दिवशीच पाळी आली होती. आता ती नोकरी करते, सगळं स्वतः बघते, पण जाऊबाईंनी तिला सांगितलं होतं, आज वर यायचं नाही, कशाला शिवायचं नाही. आत्याच्या दहाव्याला ती एकटी, दार लोटून बसली होती.

मी पुढे झाले. कशी झाले मला माहीत नाही. एवढे पुरुष, गुरुजी, शेजारी. पदर तोंडाशी होता, तो काढला. म्हटलं, "वन्सं, मेधाला काल पाळी आली. रक्त बेताचं आहे. कळा आहेत, पण सोसवतात. काळजी करू नका."

दिरांनी मान खाली घातली. जाऊबाई "अगंबाई" म्हणाल्या.

कावळा आला की नाही ते बघायला मी थांबले नाही. जिना उतरले, खोलीचं दार उघडलं आणि मेधाच्या चटईवर, तिच्या अंगाला अंग लावून बसले.