फ्रिजमधली सीताफळं

अनसूयाआत्या नसती तर मी कॉलेजात गेलोच नसतो. तिच्या माळावरची सीताफळाची झुडपं उन्हाळ्यात पानं गाळतात, पाण्याविना तगतात आणि दसऱ्याला फळ देतात. यंदा तिनं पिशवीभर कच्ची फळं पाठवली. मी ती फ्रिजमध्ये ठेवली. काळी, टणक झाली, तेव्हा फेकून दिली.

"पिकली का रे, साहेब?" तिनं फोनवर विचारलं.

"गोड होती," मी म्हणालो.

आज बाजारात एक बाई सीताफळं गवतात हळुवार झाकत होती. बघताना माझी मान खाली गेली. शिकता शिकता मी किती विसरलो? घरी येऊन पत्र लिहिलं: "आत्या, मी खोटं बोललो. फळं फ्रिजमध्ये नासली. ती गव्हात पुरून पिकवायला तू मला अक्षरांच्याही आधी शिकवलं होतंस."